आईचं ताट आणि बाळाची जनुकं

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायची आपल्याकडे रीत आहे. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, पंचपक्वान्नांचं ताट आणि शेवटी झाकून ठेवलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गेल्या हिवाळ्यात कोथरूडला आमच्या शेजारच्या घरी असाच कार्यक्रम झाला. वाट्यांचा खेळ आटोपला, बायका पांगल्या आणि ती होणारी आई माझ्याजवळ येऊन बसली. आयटीत नोकरी करणारी, वाचनाची आवड असलेली मुलगी. म्हणाली, "काकू, तुम्ही इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंत म्हणून विचारते. मी आता जे खाते त्यानं बाळाची जनुकं बदलतात असं वाचलं. खरं आहे का हो?" तिच्या सासूबाई ताटं उचलत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी कुठली आलीयेत जनुकं! मिळेल ते खाल्लं, आणि मुलं झालीच की चांगली."

दोघींचंही थोडंथोडं बरोबर होतं आणि थोडंथोडं चुकत होतं. त्या संध्याकाळी घाईत जे सांगायचं राहून गेलं ते आज सांगते. त्यासाठी फार लांब जायला नको. या विषयातलं जगभर मानलं गेलेलं काम आपल्या पुण्यातच झालं आहे, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत.

आधी सूनबाईंच्या प्रश्नाचं पाहू. आईच्या खाण्यानं बाळाची जनुकं बदलत नाहीत. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून, जो वाटा मिळायचा तो गर्भधारणेच्या क्षणीच मिळून गेलेला असतो. पुढे डाळिंब खा नाही तर डाळ खा, त्या वाट्यात फरक पडत नाही. पण मिळालेली सगळी जनुकं सगळीकडे काम करत नसतात. तुमच्या डोळ्यातल्या आणि स्वादुपिंडातल्या पेशीत डीएनए अगदी तोच आहे. इन्सुलिन तयार करायचं जनुक डोळ्यातही आहे, पण डोळा काही इन्सुलिन तयार करत नाही. तिथे त्या जनुकाला गप्प बसवलेलं असतं.

घरातलं पाककृतींचं जुनं पुस्तक आठवा. आजीकडून आईकडे आणि आईकडून तुमच्याकडे आलेलं. त्यातली काही पानं तेलातुपाच्या हातांनी एकमेकांना चिकटलेली असतात, काही पुन्हा पुन्हा उघडून सैल झालेली असतात. पुस्तकातला मजकूर तोच, पण तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजणार हे उघडणाऱ्या पानांवर ठरतं. पेशीतही असंच होतं. डीएनएच्या धाग्यावर ठरावीक जागी मेथिल नावाचा एक इवलासा रासायनिक गट चिकटतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स एवढाच. तो चिकटला की त्या जागेचं जनुक बहुधा शांत होतं. शिवाय हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रीळ घट्ट गुंडाळलं तर आतलं जनुक वाचता येत नाही, सैल केलं तर येतं. मजकुराला हात न लावता वाचन बदलणाऱ्या या खुणांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द जरा बोजड आहे, पण त्याला सोपा मराठी शब्द अजून रुळलेला नाही, म्हणून तोच वापरते.

आता मुद्द्याची गोष्ट. या खुणा मांडण्याची सर्वांत मोठी धांदल आयुष्यात कधी असते? अगदी सुरुवातीला. गर्भाच्या पहिल्या काही दिवसांत आईवडिलांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि नव्यानं घातल्या जातात. पाळी चुकल्याचं आईच्या लक्षात येण्याआधीच हे काम सुरू झालेलं असतं. आणि या कामाला लागणारे मेथिल गट येतात ते आईच्या ताटातून.

खाण्यानं एवढा फरक पडू शकतो यावर विश्वास बसत नसेल तर मधमाशीकडे पाहा. पोळ्यातली राणी आणि कामकरी माशी एकसारख्याच अळ्यांतून वाढतात. जिला राजान्न, म्हणजे रॉयल जेली भरपूर मिळते ती राणी होते, अंडी घालते आणि वर्षानुवर्षं जगते. बाकीच्या काही आठवडे राबून मरतात. जनुकं तीच, खाणं वेगळं. २००३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल या संशोधकांनी उंदरांच्या एका खास जातीवर प्रयोग केला. या जातीतल्या काही उंदरांचं एक जनुक सतत चालू राहतं, त्यामुळे ते पिवळे आणि लठ्ठ होतात. गाभण राहण्याआधीपासून माद्यांना फोलिक अॅसिड, बी-१२ जीवनसत्त्व, कोलिन आणि बीटेन जादा दिलं, तर जन्मलेल्या पिल्लांत तपकिरी रंगाची पिल्लं वाढली. पिल्लांची जनुकं तीच होती. फक्त त्या एका जागी मेथिलच्या खुणा वाढल्या होत्या.

उंदरांचं राहू द्या. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. पण इतिहास कधीकधी फार क्रूर प्रयोग करून ठेवतो. आपल्याकडच्या वयस्कर मंडळींना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल, सुकडी आणि खडी फोडायची कामं आठवत असतील. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी फौजांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची अशीच अन्नकोंडी केली होती. माणशी शिधा एक हजार कॅलरींच्याही खाली गेला. युद्ध संपलं, पुन्हा अन्न मिळू लागलं. डच लोक नोंदी नीट ठेवणारे, त्यामुळे त्या हिवाळ्यात कोण पोटात होतं हे पुढे शोधता आलं. साठ वर्षांनी, २००८ मध्ये, हायमन्स आणि सहकाऱ्यांनी या माणसांच्या रक्तातला डीएनए तपासला आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिला. उपासमारीच्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरच्या मेथिल खुणा कमी निघाल्या. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिल्या, त्यांच्यात हा फरक दिसला नाही.

साठ वर्षं टिकलेली खूण! मला या निकालात जास्त महत्त्वाची वाटते ती वेळ. पहिले आठवडे मोजले गेले, शेवटचे महिने नाही. आफ्रिकेत गांबिया नावाचा एक छोटा देश आहे. तिथे पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत खाणं फार वेगळं असतं. गर्भधारणा कोणत्या ऋतूत झाली यावर बाळाच्या काही जनुकांवरच्या खुणा बदलतात, असं तिथेही आढळलं. आपलं डोहाळजेवण सातव्या महिन्यात असतं. असो, त्याकडे परत येते.

आता पुण्यात येऊ. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे एक डॉक्टर होते. हर्टफर्डशरच्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळून त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की कमी वजनाची जन्मलेली मुलं मोठेपणी हृदयविकारानं जास्त मरतात. पाठोपाठ मधुमेहाचाही असाच संबंध दिसला. केईएममधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक तेव्हा एका कोड्यात अडकले होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्या मधुमेह्यांसारखे नव्हते. वय कमी, अंग बारीक, आणि तरी साखर वाढलेली. त्यांनी केईएममध्ये जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांची तपासणी केली. जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्या मुलांमध्ये ग्लुकोज दिल्यानंतरची साखर आणि इन्सुलिन जास्त निघालं. चार वर्षांची पोरं! मग मुळाशीच जायचं ठरलं, आणि १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचा त्यात मोठा वाटा होता.

या अभ्यासाचं वेगळेपण असं, की गरोदर बाई दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नव्हती. गावातल्या लग्न झालेल्या दोन हजारांहून अधिक बायकांची मापं आधीच घेऊन ठेवली. कार्यकर्त्या घरोघरी जाऊन दर महिन्याला पाळीची चौकशी करायच्या. दिवस गेले की ताट-वाटीपासून कामाच्या तासांपर्यंत सगळ्याची नोंद व्हायची. १८ आणि २८ आठवड्यांना रक्त घेतलं जायचं. बाळ झालं की लगोलग त्याची लांबी, डोकं, दंड, पोट, पाठीवरच्या कातडीची जाडी मोजायची. रात्री-अपरात्री मोटारसायकलवरून जाऊन. पुढे ती मुलं सहा वर्षांची, बाराची, अठराची झाली तेव्हा पुन्हा बोलावलं, आणि बहुतेक सगळी आली. जगात फार थोड्या ठिकाणी अशी चिकाटी दिसते. ती जितकी डॉक्टरांची तितकीच त्या गावांची.

काय दिसलं? त्या आयांचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची पाच फुटांच्या आसपास. दिवसाचं खाणं सुमारे १७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं. शेतात राबून, घरचं करून एवढंच. ज्यांना कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं लहान. पण एक गंमत निघाली. बाई एकंदर किती कॅलरी खाते याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागेना. संबंध लागला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाते याच्याशी. म्हणजे भाकरी दीडाच्या जागी दोन झाल्यानं जेवढं साधत नव्हतं, तेवढं भाकरीबरोबर मेथीची भाजी असल्यानं साधत होतं.

या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. ते अपेक्षितच होतं. पण मापं एकेक करून पाहिली तेव्हा डॉक्टर चक्रावले. आपल्या बाळांचं पोट लहान, दंड बारीक, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. काटकसरीत वाढताना शरीरानं स्नायूंवरचा खर्च कापला आणि चरबीची पुरचुंडी तेवढी जपून ठेवली. दिसायला कृश, आतून मेदवान. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. पांढरे शर्ट घातलेले दोन सडपातळ गृहस्थ. उंची-वजनाच्या गुणोत्तरातून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर उभं राहून निर्धास्त होणाऱ्या पुणेकरांनी हा फोटो जरूर पाहावा.

मग या बाळांत असं का होतं? रक्ताच्या नमुन्यांत उत्तराचा एक धागा सापडला. सुमारे दोनतृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेटची टंचाई मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती, कारण पालेभाज्या आणि कडधान्यं होती, शिवाय सरकारी दवाखान्यातल्या लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्या होत्या. बी-१२ कोणत्याही वनस्पतीत तयार होत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत पोचतं ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. शाकाहारी घरात दूधदुभतं हाच एक मार्ग. आणि ज्या घरात दूध डेअरीला जातं, त्या घरातल्या सुनेच्या वाट्याला चहातलं दोन चमचे येतं. शहरी मंडळींनी यात स्वतःला वगळू नये. पुण्यातल्या आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. त्यात सर्वांत वाईट अवस्था खेड्यातल्यांची नव्हती, झोपडपट्टीतल्यांचीही नव्हती. ती होती शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के.

या जीवनसत्त्वाचा जनुकांशी काय संबंध? मार्केट यार्डात जा. फोलेट म्हणजे मेथिलचा माल घेऊन आलेला टेम्पो. बी-१२ म्हणजे तो उतरवून घेणारा हमाल. हमालानं माल गाळ्यात पोचवला की तिथून तो हव्या त्या जनुकावर जाऊन बसतो. हमालच नसेल तर? टेम्पो दारात तसाच भरलेला उभा. मागून आणखी टेम्पो आले तरी गाळा रिकामाच. रक्तात होमोसिस्टिन नावाचा पदार्थ साचू लागतो, ती या खोळंब्याची खूण. आता २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष ऐका. त्या सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. टेम्पो रांगेत, हमाल गैरहजर.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. हे ऐकून कोणीही फोलिक अॅसिडची गोळी बंद करू नका. बाळाच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात गंभीर व्यंग राहू नये म्हणून ती गोळी फार महत्त्वाची आहे. मुद्दा आहे तिच्या जोडीला बी-१२ ही हवं, एवढाच.

पुढे ही मुलं अठरा वर्षांची झाली. त्यांतली जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरीसुद्धा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर सामान्यपेक्षा वर गेलेली आढळली. अजून मधुमेह नव्हे, पण त्या वाटेवर. मिसरूड फुटलेली, सायकलवरून कॉलेजला जाणारी बारीक अंगाची पोरं, आणि रक्तात साखर.

आता तुम्ही विचाराल, की मग चांगलंचुंगलं खायला घाला, म्हणजे प्रश्न मिटेल. पुण्यातल्याच एका प्रयोगानं या समजुतीला धक्का दिला. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. उंदीरवर्गातले पांढरे घुशे, ज्यांना विस्टार म्हणतात, ते पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवलेले. पन्नास पिढ्या! माणसाच्या हिशोबात हजार वर्षांच्या वर. त्यांची पिल्लं कमी वजनाची, पोटात चरबी जास्त, रक्तात इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी. अगदी आपलंच चित्र. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खायला दिलं. ते सुधारले नाहीत. उलट आणखी लठ्ठ झाले. इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या हिस्टोनवरच्या खुणा होत्या तशाच राहिल्या. मला हा निकाल वाचून चाकण-रांजणगावच्या रस्त्यावरचे वडापावचे गाडे आठवले. दोन पिढ्यांपूर्वी भाकरी-कोरड्यासावर राहिलेल्या घरात आज पाकीटबंद बिस्किटं, गोड पेयं आणि बसून करायच्या नोकऱ्या एकदम आल्या आहेत. पुस्तकातली पानं दुष्काळासाठी दुमडलेली आहेत आणि बाहेर सुगी चालली आहे. अर्थात घुशीचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. दोन पिढ्यांत जे जमलं नाही ते नीट, वेळेवर दिलेल्या अन्नानं जमेल का, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर शोधायला २०१२ मध्ये 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. नाव गोड आहे, पण ते इंग्रजी अद्याक्षरांतून आलेलं. या वेळी गरोदर बायका निवडल्या नाहीत. त्या सहा गावांत १९९४ ते ९६ या काळात पोटात मोजली गेलेली जी बाळं होती, तीच आता सतरा-अठराची झाली होती. त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्याला दिसायचाही नाही. एका गटाला नुसतं बी-१२, एकाला त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, आणि तुलनेसाठी एका गटाला बी-१२ नसलेली गोळी. मुलींची लग्नं झाली, दिवस गेले, बाळंतपणं झाली. बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवलं गेलं. पाषाणच्या आयसर संस्थेतल्या डॉ. संजीव गलांडे यांच्या गटानं, डॉ. सत्यजित खरे आणि इतरांनी, त्या रक्तपेशींत कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद हे तपासलं. आईला गर्भधारणेआधीपासून पोषकद्रव्यं मिळालेल्या बाळांत पेशींच्या विभाजनाशी निगडित जनुकांच्या कामात फरक दिसला. आईच्या ताटात काय होतं याचा माग बाळाच्या जनुकांच्या कामकाजात लागला, तोही तिच्या लग्नाआधीच्या ताटाचा. बी-१२ घेतलेल्या मातांची मुलं दोन वर्षांच्या पुढे गेल्यावर आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांतही पुढे असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटालाही बी-१२ दिल्यावर मधुमेहाशी संबंध असलेल्या काही जनुकांवरच्या मेथिल खुणा बदलताना दिसल्या.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच एक मोठा प्रयोग झाला, २००६ ते २०१२ या काळात, डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकारानं. तिथे गोळी नव्हती. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोशासारखा रोजचा खाऊ होता. ज्या बायकांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, आणि अगदी कृश बायकांच्या बाळांत ही वाढ दिसलीही नाही. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आलं. गोळीपेक्षा खाऊचा हा मार्ग मला जास्त आवडतो. अंगणवाडीच्या कढईतही तो जमण्यासारखा आहे.

थोडं सावधपणाचंही सांगायला हवं. या खुणा बहुतेक वेळा रक्तात मोजल्या जातात; स्वादुपिंडात किंवा मेंदूत काय चाललं आहे हे जिवंत माणसात पाहता येत नाही. एका खुणेमुळे एक आजार झाला, असं बोट ठेवून सांगण्याइतकं हे शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. म्हणून 'बाळाची जनुकं सुधारणारं' चूर्ण, सीडी किंवा महागडी रक्ततपासणी विकायला कोणी आलं तर खुशाल दार लावून घ्या. आपल्या शहरात गर्भसंस्काराचा बाजार मोठा आहे. मन प्रसन्न ठेवायला गाणी जरूर ऐकावीत, पण गाण्यातून बी-१२ मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे सगळं ऐकून मुलाच्या मधुमेहाचं खापर आईच्या डोक्यावर फोडू नका. ४२ किलोची बाई दिवसभर खुरपून आली आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पातेल्यात उरलं ते खाल्लं, तर ती निवड तिची नव्हती. तिच्या हाडांची उंची तर तिची आई काय खात होती त्यावर ठरली होती. आणि मुलीच्या शरीरातली स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. म्हणजे आज्जी गरोदर होती तेव्हाच नातवंडाचं अर्धं बीज तिच्या पोटात होतं. सासूबाईंचं 'मुलं झालीच की' हे खरं असलं, तरी जुन्या स्वयंपाकघरांचा हिशोब असा तिसऱ्या पिढीत निघतो.

सासूबाईंवरून आठवलं. डोहाळजेवणानंतर आठवड्यानं त्या विरजणाचं निमित्त काढून आल्या. बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या लेकीची मुलगी अकरावीत आहे. दूध म्हटलं की नाक मुरडते. अंडं आमच्याकडे चालत नाही. तिला काय द्यायचं?" सुनेचा सातवा महिना सोडून त्या नातीचं विचारायला आल्या, हे मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, दूध नको तर दही द्या, घट्ट ताक द्या, पनीर द्या, रोज द्या आणि भावाच्या वाटीएवढं द्या. मोड आलेली मटकी, शेवगा, पालक उत्तमच, पण त्यात बी-१२ नाही, त्यावर विसंबू नका. दूध पाच-सहा वेळा उकळत ठेवू नका, त्यानं ते काही प्रमाणात कमी होतं. शिवाय एकदा डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. कमी निघालं तर गोळी स्वस्त असते. "आणि सूनबाईंचं काय?" त्यांनी जाता जाता विचारलं. मी म्हटलं, तिलाही तेच द्या. शेवटचे महिने वाया जात नाहीत, मेंदूची वाढ अजून जोरात चालू असते, आणि पुढे अंगावर पाजायचं आहे. फक्त नातीचं ताट सातव्या महिन्यापर्यंत थांबवू नका.

त्या विरजण घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुधवाल्यानं अर्धा लिटर जास्तीचं टाकलं, हे मी माझ्या गॅलरीतून पाहिलं.